बोर्डो : लाल वाइनचा फ्रेंच मुलूख – जमीन, वाण, बाजार आणि आपल्यासाठी धडे

द्राक्ष बागायतदाराला बोर्डो हे नाव नवे नाही. पावसाळ्यात केवडा (डाऊनी मिल्ड्यू) दिसू लागला की मोरचूद आणि चुना भिजत घातला जातो. या मिश्रणाला ज्या गावाचे नाव मिळाले, तो बोर्डो परिसर फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात आहे आणि लाल वाइनसाठी जगभर ओळखला जातो. या लेखात आपण तेथील जमीन, हवामान, वाण, छाटणी आणि विक्रीची पद्धत समजून घेऊ. तेथील काही शेतकऱ्यांवर आज स्वतःच्या बागा उपटण्याची वेळ का आली, हेही पाहू. वाइन द्राक्षाच्या लागवडीचा विचार करत असाल, तर हा शेवटचा भाग जरूर वाचा.

भौगोलिक स्थिती

बोर्डो शहर गारोन नदीच्या काठी वसले आहे. शहराच्या उत्तरेला गारोन आणि दोर्दोन्य या नद्या एकत्र येतात आणि तेथून जिरोंद नावाची रुंद खाडी सुरू होते. ती पुढे अटलांटिक महासागराला मिळते. बागा या दोन नद्या आणि खाडी यांच्या काठाने पसरल्या आहेत. त्यावरून तीन भाग पडतात.

- डावा काठ : खाडी व गारोनच्या पश्चिमेचा भाग. यात मेदोक आणि ग्राव्ह हे विभाग येतात. पोइयाक, मार्गो, सँ-जुलियाँ, सँ-एस्तेफ ही मेदोकमधील नामांकित गावे.
- उजवा काठ : दोर्दोन्यच्या उत्तरेचा भाग. सँ-तेमिलियों आणि पोमरोल ही येथील प्रसिद्ध ठिकाणे.
- दोन नद्यांमधला दुआब : येथे लाल व पांढऱ्या दोन्ही द्राक्षांची लागवड आहे. येथील बरीच लाल वाइन केवळ ‘बोर्डो’ या सर्वसाधारण नावाने विकली जाते.

हा परिसर सुमारे ४५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. समुद्र जवळ असल्याने हिवाळा फार कडक नसतो आणि उन्हाळाही आपल्यासारखा तापत नाही. पश्चिमेला पाइन झाडांचे मोठे जंगल आहे. ते समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा जोर अडवते. पाऊस मात्र वर्षभर थोडा थोडा पडत राहतो. आपल्याकडे पावसाचे चार महिने गेले की आकाश मोकळे होते. तिथे फुलोऱ्यात पाऊस येऊ शकतो आणि काढणीतही. त्यामुळे केवडा, भुरी आणि घडांची कूज या तिन्ही रोगांची टांगती तलवार बागायतदारावर कायम असते.

जमीन : गोट्यांची आणि चिकणमातीची

मेदोकची जमीन पाहिली तर आपल्याकडचा शेतकरी तिला हलकी, गोटाळ जमीन म्हणून बाजूला ठेवेल. नद्यांनी हजारो वर्षांत वाहून आणलेले गोटे व वाळू यांचे जाड थर तेथे आहेत. यातील बराच भाग पूर्वी दलदलीचा होता. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी चर खणून त्याचा निचरा केला आणि मगच बागा वाढल्या.

गोट्यांच्या जमिनीचे दोन फायदे आहेत. पहिला निचऱ्याचा. पाऊस पडला तरी पाणी मुळांपाशी साचत नाही, वेलीची शाकीय वाढ आटोक्यात राहते आणि मण्यात पाणी भरून चव पातळ होत नाही. दुसरा उष्णतेचा. अशी जमीन लवकर तापते आणि उशिरा पक्व होणाऱ्या वाणाला त्याची मदत होते.

उजव्या काठावर चित्र वेगळे आहे. पोमरोलमध्ये चिकणमाती जास्त आहे, तर सँ-तेमिलियोंच्या पठाराखाली चुनखडीचा दगड आहे. चिकणमाती थंड असते आणि ओलावा धरून ठेवते. सच्छिद्र चुनखडीही पाणी शोषून घेते आणि कोरड्या दिवसांत वेलीला हळूहळू पुरवते. अशा जमिनीत लवकर पक्व होणारा वाण चांगला येतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. बोर्डोत जमिनीला साजेसा वाण निवडला जातो. आवडीचा वाण आधी ठरवून मग जमिनीला त्याच्या साच्यात बसवण्याचा प्रयत्न सहसा होत नाही. आपल्याकडे लागवडीआधी तीन-चार फुटांचा खड्डा घेऊन मातीचे थर, मुरूम आणि चुनखडीचे प्रमाण तपासण्याचा सल्ला दिला जातो, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

लाल वाइनचे प्रमुख वाण

मर्लो : बोर्डोतील सर्वाधिक लागवडीचा लाल वाण. लवकर फुटतो, लवकर पिकतो. चिकणमातीत चांगला येतो. वाइन मऊ आणि भरलेली होते. डोळे लवकर फुटत असल्याने वसंतातील दहिवराचा धोका जास्त. फुलोऱ्यात थंडी-पाऊस आला तर गळ होते. केवडा आणि कूज यांना बऱ्यापैकी बळी पडतो.

काबर्ने सोव्हिन्यों : डाव्या काठाचा राजा. आपल्याकडे नाशिक भागातही याची लागवड आहे. मणी लहान, साल जाड, बी मोठे. त्यामुळे वाइनला गडद रंग आणि तुरटपणा येतो. अशी वाइन अनेक वर्षे टिकते. उशिरा फुटतो, उशिरा पिकतो. जाड सालीमुळे कुजीला बऱ्यापैकी तोंड देतो. थंड, ओल्या जमिनीत मात्र नीट पिकत नाही आणि वाइनला हिरवट वास राहतो.

काबर्ने फ्राँ : प्रमाण कमी, पण महत्त्व मोठे. वाइनला सुगंध आणि ताजेपणा देतो. डीएनए तपासणीतून १९९० च्या दशकात असे सिद्ध झाले, की काबर्ने फ्राँ (लाल) आणि सोव्हिन्यों ब्लाँ (पांढरा) यांच्या नैसर्गिक संकरातून काबर्ने सोव्हिन्यों तयार झाला. मर्लोच्या आई-बापांतही काबर्ने फ्राँ आहेच.

पती व्हेर्दो, मालबेक आणि कार्मनेर : यांचे प्रमाण अगदी थोडे. कार्मनेर तर बोर्डोतून जवळजवळ नाहीसा झाला होता. १९९४ मध्ये चिलीतील बागांत मर्लो समजून जपलेल्या अनेक वेली प्रत्यक्षात कार्मनेर असल्याचे लक्षात आले.

मिश्रण हाच विमा

बोर्डोची लाल वाइन सहसा एकाच वाणाची नसते. दोन-तीन वाण वेगवेगळे तोडून, वेगवेगळे आंबवून मग ठरावीक प्रमाणात मिसळले जातात. चवीसाठी हे केले जाते हे खरे, पण त्यामागे शेतकऱ्याचा हिशोबही आहे. दहिवराने मर्लो मारला तर उशिरा फुटणारा काबर्ने वाचतो. ऑक्टोबरात पाऊस लागला आणि काबर्ने अर्धा कच्चा राहिला, तर मर्लो आधीच तोडून झालेला असतो. एकाच बागेतील जोखीम दोन टोपल्यांत वाटून ठेवण्याचा हा मार्ग आहे.

बागेचे वर्ष : एक छाटणी, एक पीक

आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी होते. वेलीला खरी झोप मिळत नाही. बोर्डोत थंडी पडते, पाने गळतात आणि वेल स्वतःच विश्रांतीत जाते. त्यामुळे छाटणी एकदाच होते. साधारण वेळापत्रक असे :

- डिसेंबर ते मार्च : छाटणी. एका किंवा दोन काड्या राखून त्या तारेवर वाकवून बांधतात. या पद्धतीला ग्युयो म्हणतात. आपल्यासारखा कायमचा ओलांडा ठेवण्याऐवजी फळकाडी दरवर्षी नवी घेतली जाते.
- मार्चअखेर ते एप्रिल : डोळे फुटणे. दहिवराचा सर्वांत धोक्याचा काळ.
- मेअखेर ते जून : फुलोरा.
- जुलैअखेर ते ऑगस्ट : मण्यात पाणी उतरणे व रंग चढणे.
- सप्टेंबर ते ऑक्टोबर : काढणी. आधी मर्लो, नंतर काबर्ने.

वेली कमी उंचीच्या आणि दाट असतात. मेदोकमधील अनेक बागांत हेक्टरी ७ ते १० हजार वेली दिसतात. प्रत्येक वेलीवर घड मात्र मोजकेच राखतात. ट्रॅक्टर दोन ओळींमधून जाण्याऐवजी ओळीवरून जातो, म्हणून तिथे उंच पायांचे खास ट्रॅक्टर वापरतात.

उत्पादनावरही मर्यादा आहे. वाइनच्या बाटलीवर गावाचे किंवा विभागाचे नाव लावायचे असेल, तर कोणते वाण, किती वेली, कशी छाटणी आणि हेक्टरी किती उत्पादन, हे सर्व नियमाने ठरलेले असते. नामांकित विभागांत ही मर्यादा साधारण हेक्टरी ५० ते ६० हेक्टोलिटरच्या घरात असते. एक हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर. त्यासाठी सुमारे १३० किलो द्राक्षे लागतात. म्हणजे हिशोब हेक्टरी साडेसहा ते आठ टन, एकरी पावणेतीन ते सव्वातीन टन. आपल्या टेबल द्राक्षाच्या उत्पादनाशी याची तुलना करून पाहा. इतक्या कमी मालावर शेती परवडायची असेल, तर किलोमागे दर तसाच मिळायला हवा. तो मिळाला नाही की काय होते, ते पुढे पाहू.

फळावर आलेल्या बागांना पाणी देण्यावर या नियमांत पूर्वापार बंधन आहे. मुळे खोल गेली पाहिजेत, असा त्यामागचा विचार.

तीन आपत्ती आणि बोर्डो मिश्रणाचा जन्म

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील बागांवर अमेरिकेतून आलेली तीन संकटे ओळीने कोसळली.

पहिले संकट भुरीचे. १८५० च्या दशकात तिने उत्पादन खाली आणले. गंधकाच्या धुरळणीने ती आटोक्यात आली.

दुसरे फायलोक्सेराचे. मुळांवर जगणारी ही बारीक कीड १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये पसरू लागली आणि पुढील काही दशकांत बागाच्या बागा वाळल्या. औषधांनी काम भागले नाही. शेवटी उपाय सापडला तो कीड सहन करणाऱ्या अमेरिकन वेलींच्या खुंटावर युरोपीय वाणाचे कलम करण्याचा. आज आपण डॉगरिज किंवा ११० आर खुंटावर कलम करतो ते क्षार, चुनखडी आणि पाणीटंचाई यांसाठी. पण खुंटावर द्राक्ष लावण्याची ही रीत जगभर रुजली ती या किडीमुळे.

तिसरे संकट केवड्याचे. १८७८ च्या सुमारास तो फ्रान्समध्ये दिसला. त्यावर औषध नव्हते. बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर-मारी मियार्दे १८८२ मध्ये मेदोकमधील सँ-जुलियाँ भागातून जात असताना त्यांना एक गोष्ट दिसली. सगळीकडे केवड्याने पाने गळाली होती, पण रस्त्याकडेच्या ओळींवर पाने हिरवी होती. चौकशी केल्यावर कळले, की येणारे-जाणारे घड चोरतात म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला आहे. निळसर डाग पाहून लोकांना विष वाटते आणि ते हात लावत नाहीत.

मियार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ उलिस गेयों यांच्या सोबतीने प्रयोग केले. तेथील बागांचे व्यवस्थापक एर्नेस्त दाव्हिद यांनीही त्यांना साथ दिली. १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चोरांसाठी केलेला उपाय जगभरच्या शेतीचे औषध ठरला.

मिश्रण तयार करताना आजही या गोष्टी पाळा :

- एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी हे मूळ प्रमाण. चुना चांगल्या प्रतीचा असेल तर कमी लागतो, म्हणून सामू तपासूनच प्रमाण ठरवा.
- मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी भांड्यांत भिजवा. लोखंडी भांडे वापरू नका.
- दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता आणि ढवळत राहा.
- स्वच्छ लोखंडी खिळा किंवा विळा द्रावणात बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजा आणि थोडी चुन्याची निवळी वाढवा.
- तयार मिश्रण त्याच दिवशी वापरा. इतर औषधांत मिसळू नका.

याची दुसरी बाजूही बोर्डोनेच दाखवली. तांबे जमिनीतून निघून जात नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ फवारणी झालेल्या तेथील जुन्या बागांच्या वरच्या थरात तांबे साठले आहे. जमिनीतील जिवाणू आणि गांडुळांना ते मारक ठरते. युरोपीय संघाने आता सात वर्षांत हेक्टरी जास्तीत जास्त २८ किलो तांबे, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो, अशी मर्यादा घातली आहे. निर्यातक्षम बाग असो वा स्थानिक बाजाराची, दर हंगामात किती मोरचूद गेले याची नोंद ठेवण्याची सवय आपणही लावून घ्यावी.

नावाचा बाजार

बोर्डोची वाइन मोठी झाली ती बंदरामुळे. ११५२ मध्ये या प्रदेशाची वारस एलिनॉर हिचे लग्न हेन्रीशी झाले आणि दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा बनला. १४५३ पर्यंत हा मुलूख इंग्रज राजांकडे होता. या तीनशे वर्षांत जहाजे भरभरून वाइन इंग्लंडला जात असे. गिऱ्हाईक दूरचे, व्यवहार मध्यस्थामार्फत, ही घडी तेव्हापासून बसली. आजही शेतकरी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये दलाल आणि घाऊक व्यापारी आहेत.

१८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी सम्राट तिसऱ्या नेपोलियनने वाइनची प्रतवारी मागवली. बोर्डोच्या दलालांनी त्या काळच्या भावांवरून मेदोकच्या लाल वाइनची पाच श्रेणींत यादी केली. ग्राव्हमधील एकाच इस्टेटीला, ओ-ब्रियोंला, तिच्यात जागा मिळाली. ही यादी आजही जवळजवळ तशीच आहे. १९७३ मध्ये मुतों रोथशिल्डला दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत घेतले, हा तिच्यातील गाजलेला बदल.

नामांकित इस्टेटी आपली वाइन पिंपात असतानाच, काढणीनंतरच्या वसंतात, व्यापाऱ्यांना विकतात. माल दीड-दोन वर्षांनी पोहोचतो, पैसे आधी मिळतात. पण अशा इस्टेटी थोड्या. बोर्डोतील जवळपास निम्मी वाइन सर्वसाधारण नावाची असते आणि तिच्या उत्पादकाला ना यादीत जागा, ना आगाऊ पैसे.

बागा का उपटल्या गेल्या?

गेल्या काही वर्षांत फ्रान्समध्ये लाल वाइन पिणे कमी होत गेले. तरुण पिढी बिअरकडे किंवा हलक्या पेयांकडे वळली. मोठा ग्राहक असलेल्या चीनची खरेदीही घटली. लागवड मात्र २०२० च्या आसपास एक लाख हेक्टरच्या वर होती. परिणाम व्हायचा तोच झाला. तेथे सुट्या वाइनचा भाव ९०० लिटरच्या मापावर ठरतो. साध्या लाल बोर्डोला या मापामागे हजार युरोही मिळेनात. उत्पादन खर्च त्याहून जास्त होता.

डिसेंबर २०२२ मध्ये बागायतदार बोर्डोच्या रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी बाग उपटण्यासाठी अनुदान द्या, अशी होती. २०२३ मध्ये शासनाने हेक्टरी ६,००० युरो देण्याची योजना आणली. अट एकच, त्या जमिनीत पुन्हा वेल लावायची नाही. हजारो हेक्टर बागा निघाल्या. सोडून दिलेल्या पडीक बागांचा प्रश्न वेगळाच. तिथे केवडा आणि तुडतुड्यांमार्फत पसरणारा फ्लाव्हेसाँस दोरे हा रोग वाढतो आणि शेजारच्या चालू बागेला झळ बसते.

त्यात हवामानाची भर. एप्रिल २०१७ च्या दहिवराने अनेकांचे पीक गेले. त्याआधी फेब्रुवारी १९५६ च्या कडाक्याच्या थंडीने तर वेलीच मारल्या होत्या. आता उन्हाळे तापू लागले आहेत. मर्लो लवकर पिकतो, साखर वाढते, आम्लता घसरते. म्हणून २०२१ मध्ये मार्सेलाँ, तुरिगा नासिओनाल यांसारख्या काही नव्या वाणांना मर्यादित परवानगी देण्यात आली. शेतकऱ्याने ते लागवडीच्या ५ टक्क्यांपर्यंतच लावायचे. आधी थोड्यावर करून पाहायचे, मग वाढवायचे, अशी ही सावध चाल आहे.

आपण काय घ्यावे?

महाराष्ट्रात २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर वाइन द्राक्षाची लागवड वाढली. २००८ नंतरच्या मंदीत उठाव कमी झाला आणि अनेकांनी बागांवर कुऱ्हाड चालवली. बोर्डोच्या बातम्या वाचताना ही आठवण ताजी होते. म्हणून लागवडीआधी हे तपासा :

१. खरेदीचा लेखी करार. वाइन द्राक्षाचा मणी लहान, बियांचा आणि जाड सालीचा. कारखान्याने नाकारला तर तो टेबलला चालत नाही आणि बेदाण्यालाही नाही. थॉम्पसनसारखी दुसरी वाट त्याला नसते.

२. करारात दर, साखरेचे (ब्रिक्स) व आम्लतेचे निकष, तोडणीची तारीख कोण ठरवणार आणि पैसे किती दिवसांत मिळणार, हे स्पष्ट लिहून घ्या.

३. करार किती वर्षांचा ते पाहा. बाग पंधरा-वीस वर्षे उभी राहते. दोन वर्षांच्या करारावर वीस वर्षांची गुंतवणूक करू नका.

४. खर्चाचा हिशोब कमी उत्पादन धरून मांडा. गुणवत्तेसाठी घड कमी ठेवावे लागतात.

५. सगळे क्षेत्र एका वाणाखाली किंवा एका खरेदीदारासाठी ठेवू नका.

६. जमिनीचा खड्डा घेऊन आणि माती-पाणी तपासूनच खुंट व वाण निवडा. शंका असल्यास राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, मांजरी (पुणे) किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी : हा विषय गटचर्चेत घेताना सुरुवात बोर्डो मिश्रणापासून करा, कारण ते सर्वांच्या हाताखालचे आहे. मिश्रण बनवण्याचे आणि खिळ्याच्या चाचणीचे प्रात्यक्षिक दाखवा. त्यानंतर बाजाराचा भाग मांडा आणि प्रत्येकाला आपल्या बागेचा किलोमागचा उत्पादन खर्च कागदावर काढायला सांगा. करारातील दर त्याच्या शेजारी लिहिला, की लागवड करावी की नाही याचे उत्तर शेतकऱ्याला स्वतःच्याच आकड्यांत मिळते.